पावसातच बंद पडणारी इंजेक्शनची मोटारसायकल : सेन्सर बदलण्याआधी अर्थिंग तपासा

काही बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांनुसार बनलेल्या मोटारसायकली उन्हाळाभर बिनतक्रार धावतात, पण पावसाळा लागला की चालता चालता अचानक बंद पडतात. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, पाच-दहा मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात गाडी पुन्हा सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर मात्र एकदाही बंद पडून दाखवत नाही. ज्यांची गाडी असे वागते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. माझ्या गाडीत हा दोष दोन पावसाळे ठाण मांडून बसला होता. त्या काळात तीन वेळा सुटे भाग बदलले गेले आणि साडेअकरा हजार रुपये खर्च झाले. अखेरीस दोष सापडला तो टाकीखालच्या एका बोल्टापाशी, आणि तो काढायला दहा नंबरचा पाना व पॉलिश पेपरचा तुकडा एवढेच लागले.

आमच्या घरी दोन मोटारसायकली आहेत. वडिलांची, म्हणजे अण्णांची, १९९७ सालची, शंभर सीसीची, कार्बोरेटर असलेली. आणि माझी २०२१ साली घेतलेली, एकशे पंचवीस सीसीची, इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी विजेच्या नियंत्रणाने पेट्रोलचा फवारा सोडणारी. मी चिपळूणला राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या बाजूला जातो. जुलै-ऑगस्टमधला तो घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाऊस आणि धुके यांविषयी वेगळे सांगायला नको. २०२३ च्या जुलैत गाडी पहिल्यांदा बंद पडली ती याच घाटात, एका चढत्या वळणावर. आधी एक झटका बसला, मीटरमधले आकडे क्षणभर विझले आणि इंजिन थांबले. चावी बंद करून पुन्हा फिरवली तर टाकीतल्या पंपाचा नेहमीचा ‘घूं’ असा आवाज आला, सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले आणि गाडी निमूटपणे वर चढली. पिवळा दिवा मात्र लागलेलाच राहिला.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी ०१२२ हा कोड निघाला. त्याचा अर्थ थ्रॉटलची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरकडून येणारे व्होल्टेज प्रमाणापेक्षा कमी आहे असा होतो. हा सेन्सर थ्रॉटल बॉडीबरोबरच, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाबरोबरच येतो, तो सुटा मिळत नाही, असे सांगून पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलण्यात आली. दोन आठवडे बरे गेले. मग पुन्हा तोच घाट, पुन्हा तोच झटका, आणि या वेळी कोड पी ०१०७, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे व्होल्टेज कमी. तोही बदलला. पुढच्या जूनमध्ये तिसऱ्यांदा बंद पडल्यावर ‘आता पंपच कमजोर झाला असणार’ असे निदान झाले आणि पंप बदलला गेला. गॅरेजवाल्यांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. त्यांनी स्कॅनरने दाखवले ते केले, आणि छपराखाली उभी करून पाऊण तास चालू ठेवलेली गाडी त्यांच्यासमोर एकदाही अडखळली नाही, हेही खरे आहे.

हे सगळे चालू असताना अण्णांची जुनी गाडी दारात उभी होती आणि अर्थातच घरात रोज तिचे गोडवे गायले जात होते. ‘जुने ते सोने’ हा निष्कर्ष मला तेव्हाही पटत नव्हता आणि आजही पटत नाही. त्या गाडीत पूर्वी किती दोष येत असत हे मी लहानपणापासून पाहिले आहे. पायलट जेटमध्ये कचरा अडकला की गाडी आयडलिंगला थांबत नसे. फ्लोटची सुई झिजली की कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असे. प्लगवर काजळी धरली की मिसिंग होई, आणि जोराच्या पावसात प्लग कॅपमध्ये पाणी गेले की इंजिन फटफटून बंद पडे. अण्णांच्या सीटखाली एक प्लग पाना, एक कोरे फडके आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा कायम असे. कॅप पुसायची, तिच्यावर पिशवीचा तुकडा गुंडाळायचा आणि किक मारायची. हिशेब मांडला तर ती गाडी माझ्या गाडीपेक्षा किती तरी जास्त वेळा बंद पडलेली आहे. थंडीतल्या सकाळी चोक ओढून दहा-पंधरा किका मारण्याचा व्यायाम माझ्या गाडीने मला कधीच दिलेला नाही.

फरक दोषांच्या संख्येत नसून दोष कुठे दिसतो यात आहे, आणि हा फरक नीट समजल्याशिवाय इंजेक्शनच्या गाडीतला असा वारंवार येणारा दोष शोधता येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

अण्णांच्या गाडीत मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या आत वेगवेगळी वेटोळी आहेत. ठिणगीसाठी लागणारी वीज एका वेटोळ्यातून थेट सीडीआय युनिटकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या डबीकडे जाते आणि तिचा बॅटरीशी संबंध नसतो. हेडलाइटची वीज दुसऱ्या वेटोळ्यातून येते, म्हणून उतारावर रेस सोडली की उजेड मंदावतो. बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट यांच्यापुरती. पेट्रोल तर गुरुत्वाकर्षणानेच खाली येते. त्यामुळे बॅटरी बसली तर हॉर्न बसतो, पण इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी चालते. एका खोलीत गळती लागली तर त्याच खोलीत ओल दिसावी, तसे हे आहे. त्या काळच्या बहुतेक वाहनांची हीच तऱ्हा होती. सुरू न होणारी चेतक स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारणारे लोक काही मंत्र घालत नव्हते. गाडी कलली की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल सरकून मिश्रण दाट होई आणि इंजिन धरत असे. १९७२ साली आलेल्या लुनाला तर पॅडलच होते, म्हणजे इंजिनाने अगदीच असहकार पुकारला तरी घरी पोचण्याची सोय होती.

माझ्या गाडीची रचना याच्या उलट आहे. टाकीच्या आत बसवलेला विजेचा पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल इंजेक्टरकडे ढकलतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. ईसीयू ज्या सेन्सरांचे ऐकतो त्यांतल्या काहींना तो स्वतःच पाच व्होल्टचा पुरवठा करतो. हेडलाइट २०१७ पासूनच्या नियमामुळे इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच असतो. ईसीयू, पंप, दिवे, हॉर्न, मीटर ही सगळी मंडळी एकाच बॅटरीवर आणि एकाच चार्जिंगवर जगतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यांच्यातून गेलेला प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येण्याची वाट बऱ्याच अंशी एकच असते. या परतीच्या वाटेला आपण अर्थिंग म्हणतो. धन टोकाकडच्या वायरींना फ्यूज असतात, रंग असतात, रिले असतात. अर्थिंगला बिचाऱ्याला एक काळी किंवा हिरवी वायर आणि चासीवरचा एक बोल्ट.

आता त्या बोल्टापाशी गंजामुळे फक्त अर्धा ओहम अडथळा निर्माण झाला आहे असे समजा. ३५ वॅटचा हेडलाइट साधारण तीन अँपिअर घेतो, म्हणजे ओहमच्या नियमाप्रमाणे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. इंजिन तेवढे सहन करते. त्यात पंप, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि हॉर्न यांची भर पडून प्रवाह दहा अँपिअरवर गेला की पाच व्होल्ट गिळले जातात आणि साडेतेराच्या जागी ईसीयूच्या वाट्याला जेमतेम साडेआठ व्होल्ट उरतात. खड्ड्यात बसलेल्या दणक्याने तोच सांधा आणखी सैल झाला तर ईसीयू क्षणभर झोपी जातो. उठल्यावर त्याला एवढेच आठवते की आपल्या सेन्सरांकडून कमी व्होल्टेज आले होते. त्याने नोंदवलेला कोड खोटा नसतो. ओरडला कोण हे तो बरोबर सांगतो, धक्का कुणी दिला हे त्याला ठाऊक नसते.

हे लक्षात घेऊन माझे दोन कोड पुन्हा वाचा. दोन वेगवेगळे सेन्सर, पण दोघांचीही तक्रार ‘व्होल्टेज कमी’ अशी एकच, आणि दोघांनाही पाच व्होल्ट एकाच ठिकाणाहून मिळतात. दोन निरोगी सेन्सर एकाच पावसाळ्यात एकाच आजाराने जातील ही शक्यता कमी, दोघांचा सामाईक पुरवठा किंवा सामाईक अर्थिंग बिघडले असण्याची शक्यता किती तरी जास्त. स्कॅनरवर एकापेक्षा अधिक सेन्सरांचे कोड निघाले, किंवा भाग बदलल्यावर दर वेळी वेगळाच कोड निघू लागला, की कोणताही भाग विकत घेण्याआधी इथे थांबावे. हा धडा मला साडेअकरा हजारांना पडला.

प्रत्यक्षात धागा सापडला तो अण्णांमुळे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बारीक पाऊस पडत असताना ते माझ्या मागे बसले होते. मी वळण्यासाठी इंडिकेटर लावला आणि मागून आवाज आला, “अरे, इंडिकेटरबरोबर तुझं मीटर पण डोळे मिचकावतंय बघ.” खरोखरच मीटरमधले आकडे इंडिकेटरच्या टिकटिकीच्या तालावर मंद-तेज, मंद-तेज होत होते. ब्रेक दाबला की आणखी मंद. जुन्या गाडीत रेसबरोबर कमीजास्त होणारा उजेड आयुष्यभर पाहिलेल्या माणसाच्या नजरेला ते खटकले. मला सवय झाल्यामुळे ते दिसतच नव्हते.

घरी आल्यावर दिव्यांची आठवण झाली आणि ओशाळलो. २०२३ च्या मे महिन्यात, म्हणजे पहिला बिघाड होण्याच्या दीड-दोन महिने आधी, मी घाटातल्या धुक्यासाठी वीस-वीस वॅटचे दोन फॉग लाइट बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने त्यांची अर्थिंगची वायर टाकीखालच्या त्याच बोल्टात, चासीच्या रंगावरच, मूळ वायरीच्या टर्मिनलखाली सरकवून आवळली होती. म्हणजे मूळ टर्मिनलचा धातूशी असलेला संबंध त्याने सैल केला आणि त्याच सांध्यावर तीन-सव्वातीन अँपिअरचा भारही वाढवला. हे दिवे मी लावत असे ते फक्त पावसात आणि धुक्यात. गॅरेजच्या छपराखाली ते कुणी लावले नाहीत, मीही सांगितले नाही, आणि म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी वागली. पाऊस हे कारण नव्हतेच. पावसात वाढणारा विजेचा भार हे कारण होते.

याची खात्री करण्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तीन-चारशे रुपयांतलाही चालेल. पद्धत अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर टेकवावी, वायरीच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नव्हे, कारण लग आणि टोक यांच्यातला सांधाही आपल्याला तपासायचा आहे. लाल पिन वायरिंगच्या मुख्य अर्थिंगच्या टर्मिनलवर टेकवावी. इंजिन चालू करून हेडलाइट, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न आणि बाहेरून बसवलेले जे काही असेल ते सगळे एकाच वेळी चालू करावे. सांधे चांगले असतील तर आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो. तो ०.२ च्या वर जाऊ लागला तर त्या वाटेवर कुठे तरी गंज किंवा सैलपणा आहे असे समजावे. इथे ओहमवर ठेवून वायर तपासण्याचा उपयोग होत नाही, कारण मल्टिमीटर ओहम मोजताना अगदी किरकोळ प्रवाह सोडतो; दहा तारांपैकी एकच शिल्लक राहिलेली वायरसुद्धा त्याला ठणठणीत वाटते. माप घ्यायचे ते भार टाकूनच.

माझ्या गाडीत फक्त हेडलाइटवर आकडा ०.३४ आला. सगळे चालू केल्यावर तो ०.९ झाला. तसेच चालू ठेवून टाकीखालची वायरिंग हाताने हलवली, तर आकडा उसळून अडीचच्या वर गेला, इंजिन गचकले आणि घाटात बंद पडते तशीच गाडी अंगणात बंद पडली. दोन पावसाळ्यांत पहिल्यांदाच ती माझ्या इच्छेने बंद पडली होती, आणि त्याचा मला झालेला आनंद शेजाऱ्यांना कळण्यासारखा नव्हता.

सीट आणि टाकी काढून बोल्ट सोडला. न कल्हई केलेल्या पितळी भांड्यात ताक कळकावे तशी हिरवट साय दोन्ही टर्मिनलांवर चढली होती आणि खाली चासीचा काळा रंग जसाच्या तसा होता. बोल्टाच्या आट्यांमधून जेवढा संबंध येत होता, तेवढ्यावर गाडी चालली होती. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवून ठेवले, मग बोल्टाभोवतीचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, मूळ टर्मिनल घासून थेट त्या लोखंडावर बसवले, वर दात असलेला वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळे झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. जेली सांधा आवळल्यानंतर लावायची, आधी नाही. फॉग लाइटची अर्थिंग तिथून काढून वेगळ्या वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली आणि धन बाजूला फ्यूज व रिले घातला. पुन्हा मोजल्यावर सगळे दिवे चालू असताना आकडा ०.०४ आला.

ज्यांच्या गाडीत अर्थिंगचे माप चांगले येते, त्यांनी पुढे बॅटरीकडे वळावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळपास असते. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा तिची टोके सैल आहेत. चार-पाच हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळत नसतील तर दोष चार्जिंगमध्ये, म्हणजे बॅटरीकडे जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) असण्याची शक्यता आहे. हा कपलर काढून पाहावा, वितळून तपकिरी पडलेली पिन डोळ्यांनाच दिसते. कार्बोरेटरच्या गाडीत बॅटरी ही सोय होती, इंजेक्शनच्या गाडीत ती इंजिनाचाच भाग आहे. ‘अजून हॉर्न वाजतोय ना, मग चालेल’ हा जुना निकष त्यामुळे सोडून द्यावा. पूर्ण बसलेल्या बॅटरीवर ढकलस्टार्टही होत नाही, कारण गाडी ढकलताना पंप आणि ईसीयू दोघेही झोपलेले असतात.

साइड स्टँडच्या स्विचवर चिखल साचला तर गियर टाकताच इंजिन बंद पडते. हा दोष ओळखायला सोपा आहे, स्विच धुऊन वाळवला की झाले. गाडी आडवी पडून उचलल्यावर सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा काही बिघडलेले नसते. पडल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरने इंजिन बंद केलेले असते. चावी बंद करून काही सेकंदांनी पुन्हा फिरवावी.

पेट्रोलमधल्या पाण्याकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे, कारण इथे नवी गाडी आणि नवे, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल यांची गाठ पडते. इथेनॉल पाणी शोषून घेते. शोषण्याची मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजेक्शनच्या गाडीत पंप नेमका तळातूनच पेट्रोल उचलतो. कार्बोरेटरच्या खाली ड्रेन स्क्रू होता, तो सैल करून चार थेंब पाणी काढून टाकता येत असे. इथे टाकी उतरवून पंप काढण्यावाचून इलाज नाही. पाणी शिरते ते बहुतेक वेळा झाकणातून. पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या कड्यात एक बारीक छिद्र असते आणि त्यातून पावसाचे पाणी एका नळीवाटे खाली गळून जाते. ते छिद्र धुळीने बुजले की झाकणाभोवती तळे साचते आणि झाकण उघडताच ते सरळ टाकीत उतरते. पावसाळ्याआधी या छिद्रात पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडते का हे पाहावे, पडत नसेल तर बारीक तार किंवा हवा मारून ते मोकळे करावे. या कामाला एक मिनिट लागते आणि कोणत्याही सर्व्हिसिंगच्या कार्डावर मला ते आजवर लिहिलेले दिसलेले नाही.

जुन्या गाड्यांवर शिकलेल्या हातांनी नव्या गाडीवर काही गोष्टी करू नयेत, आणि हे मी अण्णांच्या समोरच लिहितो आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ ते बघण्याची युक्ती जुन्या गाडीत खपून जात असे. इंजेक्शनच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू जळू शकतो. प्लग काढून तो हवेत लोंबकळत ठेवून ठिणगी बघणेही धोक्याचे आहे, त्याने कॉइल आणि ईसीयू दोन्हींवर ताण येतो. बल्बचा टेस्टर सेन्सरच्या पिनांना लावू नये, तो ओढतो तेवढा प्रवाह सोसण्याची त्या वाटांची कुवत नसते, मल्टिमीटरच वापरावा. प्रेशर वॉशरचा फवारा मीटर, कपलर आणि सीटखालच्या भागावर मारू देऊ नये. धुलाई केंद्रावरच्या मुलाला हे दर वेळी सांगावे लागते आणि तो दर वेळी विसरतो.

गॅरेजमध्ये जायचेच असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नये. गाडी कधी बंद पडली, त्या क्षणी कोणते दिवे चालू होते, ब्रेक दाबलेला होता का, मीटर विझले की नुसते इंजिन थांबले, आणि शेवटच्या वर्षभरात गाडीला बाहेरचे काय काय बसवले, हे कागदावर लिहून न्यावे. मीटरसकट सगळे विझले तर दोष पुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये शोधायचा. मीटर चालू राहून फक्त इंजिन थांबले तर पंप, इंजेक्टर, इंजिनाचे फिरणे ओळखणारा क्रँकचा सेन्सर, साइड स्टँड या बाजूला जायचे. एवढ्या एका नोंदीने अर्धे काम होते. जुन्या गाडीत मिस्त्री कानाने आणि नाकाने निदान करीत असे, म्हणून आपण गप्प उभे राहिलो तरी चालत असे. नव्या गाडीत त्याच्या हाती कोड असतो, पण तो कोड नोंदला गेला तेव्हा घाटात हजर असलेले साक्षीदार आपणच असतो. कोड पुसून टाकण्याआधी ते सगळे लिहून घ्यायला सांगावे, एकटा पहिला कोड नव्हे. काही गाड्यांत स्कॅनरशिवायही पिवळ्या दिव्याच्या लुकलुकण्यातून कोड कळतो. लांब लुकलुक म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक, अशी मोजणी अनेक गाड्यांत असते. आपल्या गाडीची पद्धत तिच्या पुस्तिकेत पाहावी.

ऑगस्ट २०२४ नंतर माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागलेला नाही. २०२५ चा पूर्ण पावसाळा त्याच घाटात, तेच फॉग लाइट लावून गेला. पहिल्या खेपेस काढलेली थ्रॉटल बॉडी मी मागून घेतली होती. मागच्या महिन्यात सवड मिळाली तेव्हा तिच्या सेन्सरला पाच व्होल्टचा पुरवठा देऊन थ्रॉटल हळूहळू उघडत मल्टिमीटर पाहिला. ०.६ पासून ४.४ व्होल्टपर्यंत आकडा कुठेही न अडखळता चढत गेला आणि सोडल्यावर तसाच खाली आला. ती सध्या अण्णांच्या सीटखाली, फडक्यात गुंडाळून, प्लग पान्याशेजारी ठेवलेली आहे.